चव्हाट्यावरचा वैद्य

इतिहासशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव आपण पाठ करतो, तो ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात होऊन गेला. बाबिलोन नगरीतील एका चालीचे त्याने आपल्या ग्रंथात मोठे मौजेचे वर्णन केले आहे. तो म्हणतो, की बाबिलोनच्या लोकांत वैद्य नाहीत. घरात कोणी आजारी पडले, की त्याला उचलून भर बाजारात आणून ठेवतात. येणारे-जाणारे त्याच्यापाशी थांबतात, काय होते आहे ते विचारतात. ज्याला स्वतःला तसा आजार होऊन गेला असेल किंवा ज्याने दुसऱ्या कोणाला त्यातून उठलेले पाहिले असेल, तो आपला अनुभव सांगतो. आजाऱ्याची विचारपूस न करता मुकाट्याने पुढे जाण्याची तेथे कोणालाच मुभा नाही.

ही हकिकत जशीच्या तशी खरी मानता येत नाही. हिरोडोटसच्या बारा-तेरा शतके आधी त्याच बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने आपले कायदे दगडावर कोरून ठेवले. वैद्याने शस्त्रक्रियेचा मोबदला किती घ्यावा आणि रोगी दगावला तर वैद्याला काय शिक्षा व्हावी, याची कलमे त्यात आहेत. म्हणजे बाबिलोनात वैद्य होते, आणि त्यांच्यावर कायद्याचा अंकुशही होता. असे असूनही हिरोडोटसची ही गोष्ट अडीच हजार वर्षे टिकून राहिली. कारण तिच्यात माणसाच्या स्वभावातले काहीतरी नेमके पकडले गेले आहे. दुखणे घेऊन माणूस केवळ वैद्याकडे जात नाही. तो वाटसरूलाही विचारतो.

बाबिलोनचे असो. आपल्या गावात, आपल्या पेठेत आज डॉक्टरांच्या पाट्यांना तोटा नाही. तरीही आपण रोज बाजारात जाऊन पडतोच आहोत. फरक इतकाच, की आता बाजारच चालत आपल्या उशाशी आला आहे. रात्री बारा वाजता वसतिगृहातला दिवा मालवल्यावर कोणीतरी पांघरुणाखाली मोबाईलवर लिहिते, ‘दोन महिने पाळी आली नाही, वय एकोणीस, काय करू?’ कोणी लिहितो, ‘छातीत धडधडते, झोप लागत नाही, मला हृदयविकार तर नसेल?’ आणि उजाडायच्या आत पाचपन्नास अनोळखी माणसे उत्तरे देऊन मोकळी होतात. एक म्हणतो, लिंबूपाणी घ्या. दुसरी म्हणते, माझ्या मावशीला असेच होऊन गाठ निघाली. तिसरा तर गोळीचे नाव आणि ती दिवसातून किती वेळा घ्यायची तेही सांगून टाकतो!

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आपल्याकडे आढळतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, की हा शुद्ध पोरखेळ आहे. ज्याचे काम त्याने करावे. तरुण मंडळी म्हणतात, की ज्ञानावरची मक्तेदारी संपली आणि बरेच झाले. दोन्ही मते घाईची आहेत असे मला वाटते. अनोळखी माणसाला प्रकृतीची गोष्ट विचारणे ही गरज आहे आणि ती खरी आहे. प्रश्न आहे तो अटींचा. कोणी कोणाला काय विचारावे, आणि सांगणाऱ्याने कोणती जबाबदारी पत्करून सांगावे, हे नीट उलगडून पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लाजेचा पडदा

घरात आई आहे, कोपऱ्यावर डॉक्टर आहेत, तरी माणूस परक्याला का विचारतो? पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे लाज. काही दुखणी अशी असतात, की ती ओळखीच्या माणसाजवळ उच्चारताच येत नाहीत. ज्या डॉक्टरांकडे आपले आख्खे घर लहानपणापासून जाते, त्यांच्याकडे तर नाहीच नाही! आपला चेहरा ज्याला ठाऊक नाही त्याच्यापाशीच तोंड उघडते.

हे इंटरनेटमुळे झाले, अशी कोणाची समजूत असेल तर त्याने महाराष्ट्राचाच इतिहास चाळून पाहावा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते शिकवीत. संततिनियमनाचा प्रचार आणि प्राध्यापकी या दोन गोष्टी त्या काळी एकत्र नांदणे अशक्य होते. त्यांनी प्राध्यापकी सोडली, प्रचार सोडला नाही. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत तसेच केंद्र सुरू केले. पुढे जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते नेटाने चालविले.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. आपल्या शरीराबद्दल, लग्नाबद्दल, रात्री झोपू न देणाऱ्या शंकांबद्दल वाचक लिहीत, आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तर देत. हस्तमैथुनाने शक्ती नष्ट होते, बुद्धी जाते, अशा समजुतींनी तेव्हाचे तरुण किती हैराण असतील याची कल्पना आजही करता येते. कारण आजही त्या समजुती पुरत्या मेलेल्या नाहीत. जो प्रश्न बापाला विचारता येत नव्हता आणि गुरुजींना विचारला असता तर छडी खावी लागली असती, तो एका अपरिचित संपादकाला पोस्टाने विचारता येत होता. दोन पैशांचे टपाल हा त्या काळचा पडदा होता.

या प्रश्नोत्तरांचे मोल कर्व्यांना चुकवावे लागले. अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण हा आहे. वाचक त्याविषयी प्रश्न विचारणार आणि संपादकाने उत्तर द्यायचे नाही असे म्हटले, तर मासिकच बंद करावे लागेल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. तरी मासिक चालूच राहिले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. कर्वे डॉक्टर नव्हते. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर तेही पदवी नसलेले सल्लागारच! मग त्यांच्यात आणि मोबाईलवर उत्तर देणाऱ्या अनामिकात फरक कोणता? पहिला फरक अभ्यासाचा. त्या विषयावरचे इंग्रजी आणि फ्रेंच ग्रंथ त्यांनी कसून वाचले होते. दुसरा फरक त्याहून मोठा आहे. ‘समाजस्वास्थ्या’त विचारणारा पडद्याआड होता, पण सांगणारा उघड्यावर उभा होता. त्याचे नाव छापलेले होते, पत्ता छापलेला होता. त्याचे उत्तर चूक ठरले तर त्याला जाब विचारता येत होता, आणि बरोबर उत्तराबद्दलसुद्धा त्याने कोर्टात जाऊन दंड भरला. पडदा एकाच बाजूला होता.

ही परंपरा पुढेही चालली. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. महिंदर वत्स यांनी वयाच्या ऐंशीच्या घरात, २००५ साली, ‘मुंबई मिरर’ या इंग्रजी दैनिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देण्याचे सदर सुरू केले. डिसेंबर २०२० मध्ये ते वारले तेव्हा शहाण्णव वर्षांचे होते. त्यांची मिस्कील, दोन-तीन ओळींची उत्तरे लोक चवीने वाचत. तेथेही तीच मांडणी होती. विचारणारा निनावी होता आणि सांगणारा नावानिशी, पदवीनिशी बोलत होता.

सोबतीचे औषध

परक्याकडे जाण्याचे दुसरे कारण लाजेहून निराळे आहे. गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरांना एका रोग्यासाठी चार-पाच मिनिटेच सापडतात. तेवढ्यात रोगाचे निदान होते, चिठ्ठी लिहून होते. पण रोगासह जगायचे कसे, हे विचारायला उसंत मिळत नाही. मधुमेही माणसाने लग्नाच्या पंगतीत काय करावे? फिट येणाऱ्या मुलीने मैत्रिणींना ते कसे सांगावे? या प्रश्नांची उत्तरे बहुधा त्याच वाटेने गेलेल्या माणसापाशी असतात.

याचे सर्वांत नामांकित उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन हा मद्याच्या व्यसनातून नुकताच सुटला होता. १९३५ च्या मे महिन्यात तो कामासाठी ओहायो राज्यातील अॅक्रन गावी गेला असता दारूची ओढ त्याला पुन्हा अनावर झाली. तेव्हा त्याने दारूशी झगडणारा दुसरा कोणी माणूस शोधला. त्याला भेटले ते डॉ. बॉब स्मिथ, स्वतः शल्यचिकित्सक आणि स्वतःच व्यसनी. दोघे परके तासन् तास बोलत बसले. विल्सनने डॉक्टरला उपदेश केला नाही. स्वतःची कथा सांगितली. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. तिच्या नावातच निनावीपण आहे. सभेत सभासद आडनाव सांगत नाहीत. आपल्या पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट या दांपत्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथेही व्यसनातून बाहेर आलेली माणसे नव्याने आलेल्यांना हात देतात.

येथे पडदा दोन्ही बाजूंना असला तरी बिघडत नाही. का? कारण येथे कोणी कोणाला औषध सांगत नाही. ‘तू असे कर’ ही भाषाच नाही. ‘माझे असे झाले’ एवढीच भाषा आहे. स्वतःची कथा सांगायला पदवी लागत नाही आणि नावही लागत नाही. ऐकणाऱ्याला त्यातून मिळते ती सोबत. आपण एकटेच असे नाही, हे कळणे हाच कित्येक दुखण्यांत अर्धा उतार असतो.

आपल्या देशाने हा अनुभव २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मोठ्या प्रमाणावर घेतला. करोनाची दुसरी लाट आली होती. कोठे खाट मिळेल, कोठे प्राणवायूचा सिलिंडर मिळेल, या चौकशांनी समाजमाध्यमे भरून गेली होती. कधीही न भेटलेली मुले-मुली रात्र रात्र जागून फोन लावीत होती, याद्या ताज्या करीत होती. ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की अशी मदत मागणाऱ्या नागरिकांवर अफवा पसरविल्याचा आरोप ठेवून कारवाई करता कामा नये. परक्याने परक्याला ‘कोठे जावे’ हे सांगितले आणि त्यातून जीव वाचले. ‘कोठे जावे’ आणि ‘काय घ्यावे’ हे मात्र दोन वेगळे प्रश्न आहेत. घोटाळा सुरू होतो तो दुसऱ्या प्रश्नापाशी.

एकाचा गुण आणि सर्वांचा गुण

‘मला गुण आला’ या वाक्यात खोटे काही नसते. सांगणारा प्रामाणिक असतो. पण त्या तीन शब्दांवरून आपण जो निष्कर्ष काढतो, त्यात तीन फटी राहतात.

पहिली फट काळाची. सर्दी, साधा ताप, पाठीतली उसण ही बरीचशी दुखणी आपोआप बरी होतात. आपण चौथ्या दिवशी काढा घेतो, सहाव्या दिवशी बरे वाटते, आणि श्रेय काढ्याला जाते. कावळा बसला आणि फांदी मोडली, यातलाच हा प्रकार. दुसरी फट मनाची. औषध घेतले या भावनेनेही काही काळ दुखणे हलके वाटते. पिठाच्या गोळीनेही बरे वाटल्याचे अनुभव वैद्यकाला ठाऊक आहेत. तिसरी फट सर्वांत फसवी. ज्याला गुण आला तोच बोलतो. ज्याला आला नाही तो गप्प बसतो, आणि जो दगावला तो तर बोलूच शकत नाही. बाजारात ऐकू येतात ते सगळे आवाज वाचलेल्यांचेच असतात.

या फटी बुजवायच्या कशा, हे शिकायला माणसाला फार काळ लागला. १७४७ साली ब्रिटिश आरमारातील शल्यवैद्य जेम्स लिंड याने ‘सॅलिसबरी’ जहाजावरचे स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले. त्यांच्या दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांना एकच जेवण दिले, उपचार मात्र निरनिराळे. एका जोडीला व्हिनेगर, एकीला समुद्राचे पाणी, एकीला संत्री आणि लिंबू, अशा तऱ्हेने. संत्री-लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. लिंडच्या आधीही लिंबाचा गुण सांगणारे खलाशी होतेच. तसे समुद्राच्या पाण्याचा गुण सांगणारेही होते. दोघांपैकी खरा कोण, हे तुलना केल्यावाचून कळणार नव्हते.

हीच गोष्ट आपल्या काळात इंटरनेटवर घडली. एएलएस नावाचा मज्जातंतूंचा एक असाध्य विकार आहे. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना तो होता. स्नायू हळूहळू निकामी होत जातात. अमेरिकेतील स्टीफन हेवूड या तरुणाला हा विकार जडला. त्याच्या भावांनी २००४ साली ‘पेशंट्सलाइकमी’ हे संकेतस्थळ काढले. सारखाच आजार असलेल्या अनोळखी लोकांनी तेथे यावे, आपली औषधे, लक्षणे, दर महिन्याची स्थिती नोंदवावी आणि एकमेकांना दाखवावी. २००८ साली इटलीतील एका छोट्या अभ्यासात लिथियम या औषधाने हा विकार मंदावतो असे आढळल्याची बातमी आली. मरण समोर दिसणाऱ्या माणसांना धीर कसा धरवणार? अनेकांनी आपल्या डॉक्टरांना गाठून लिथियम सुरू केले आणि त्याच्या नोंदी संकेतस्थळावर ठेवल्या. संस्थेने १४९ रोग्यांच्या नोंदी घेतल्या. लिथियम न घेतलेल्या, पण आजाराची वाटचाल त्यांच्यासारखीच असलेल्या रोग्यांशी त्यांची तुलना केली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लिथियमचा काहीही उपयोग होत नव्हता. नंतरच्या रीतसर चाचण्यांनीही तेच दाखविले.

मला हे उदाहरण फार बोलके वाटते. तीच माणसे, तेच परकेपण, तोच बाजार. पण तेथे गुण न आलेल्यांचीही नोंद होती. म्हणून आशेची अफवा झाली नाही, उत्तर मिळाले. उत्तर कडू होते, पण खरे होते.

औषध तेच, रोगी निराळा

समजा, औषध खरोखरच गुणकारी आहे. मग तरी परक्याच्या सांगण्यावरून ते घ्यावे काय? करोनाच्याच काळातले एक उदाहरण पाहू. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखविले, की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड दिल्याने कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रोग्यांतील मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांतील मृत्यू सुमारे एकपंचमांशाने कमी होतात. ज्यांना प्राणवायूची गरजच नाही, त्यांना मात्र त्याचा काही लाभ दिसला नाही. बातमीतले पहिले वाक्य सर्वत्र पोहोचले; दुसरे वाटेतच गळाले. सौम्य आजार असलेल्यांनीही घरच्या घरी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते, प्रतिकारशक्ती मंदावते. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘काळी बुरशी’, पसरली. कित्येकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. तज्ज्ञांनी जी कारणे सांगितली, त्यांत आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही प्रमुख होती.

आपल्या वयाच्या जवळचे उदाहरण हवे असेल तर चेहऱ्याच्या मलमाचे घ्या. मुरुम, काळे डाग किंवा सावळा रंग यांवर कोणीतरी एका ट्यूबचे नाव सांगते. आठवड्यात चेहरा उजळतो. सांगणारी खूश, ऐकणारी खूश. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, बारीक पुरळ उठते. आणि मलम बंद केले, की चेहरा लाल होऊन आग होते. म्हणून पुन्हा तेच मलम! व्यसनाचाच हा एक प्रकार. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. पण ज्या मुलीने पहिल्या आठवड्यात नाव सुचविले, ती सहाव्या महिन्यात काय झाले हे सांगायला त्याच ठिकाणी परत येत नाही. तिचा पहिला निरोप मात्र तेथेच राहतो, नव्या नव्या वाचकांना दिसत राहतो.

उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय ते येथे कळते. सांगणाऱ्याला समोरच्याचे वय ठाऊक नसते. त्याला मधुमेह आहे का, ती गरोदर आहे का, दुसरी कोणती गोळी चालू आहे का, हे काहीच ठाऊक नसते. डॉक्टर नाडी पाहण्याआधी जे दहा प्रश्न विचारतात, ते शिष्टाचार म्हणून नव्हे. त्या उत्तरांवरच औषध ठरते.

आणि औषध न घेताही अपाय होऊ शकतो, तो भीतीचा. जेरोम के. जेरोम या विनोदी लेखकाच्या १८८९ सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या पुस्तकाचा नायक ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचा ग्रंथ उघडतो आणि मोलकरणींना होणारे एक गुडघेदुखणे सोडून जगातले सारे रोग आपल्याला झाले आहेत अशी त्याची खात्री होते! या विनोदाला २००८ साली संशोधनाचा आधार मिळाला. मायक्रोसॉफ्टमधील रायन व्हाइट आणि एरिक होर्विट्झ यांनी दाखविले, की साध्या डोकेदुखीचा शोध घेणाऱ्यासमोर मेंदूतील गाठीसारख्या दुर्मिळ रोगांची माहिती अवास्तव प्रमाणात येऊन पडते. भीतिदायक ते अधिक वाचले जाते, आणि अधिक वाचले जाते तेच पुढे ढकलले जाते. अलीकडे माणसांच्या जागी यंत्रेही सफाईदार मराठीत उत्तरे देऊ लागली आहेत. परंतु यंत्रालाही आपल्या नाडीचा ठोका लागत नाही.

पडद्याच्या तीन पायऱ्या

आतापर्यंतच्या विवेचनातून मला एक साधा हिशेब हाती लागतो. सल्ल्याच्या तीन पायऱ्या कल्पाव्यात.

पहिली पायरी अनुभवाची. ‘मला असे झाले, मी असे निभावले.’ येथे दोघेही निनावी असले तरी चालेल. या पायरीवर मोकळेपणाने विचारावे, मोकळेपणाने सांगावे. सांगताना गुण आला नसेल तर तेही सांगावे. नव्हे, तेच अधिक अगत्याने सांगावे.

दुसरी पायरी माहितीची. हा रोग म्हणजे काय, कोणत्या डॉक्टरकडे जावे, अमुक समजूत खरी की खोटी. येथे विचारणाऱ्याने खुशाल पडद्याआड राहावे, सांगणाऱ्याने मात्र राहू नये. तो कोण, त्याने हे कोठून घेतले, चुकल्यास त्याला कोठे गाठायचे, हे कळत नसेल तर ती माहिती ऐकीव समजावी. रघुनाथरावांची पायरी ही.

तिसरी पायरी औषधाची. येथे दोन्ही पडदे दूर झालेच पाहिजेत. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरध्वनी व इंटरनेटवरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयी जे नियम जाहीर केले, त्यांचेही सांगणे हेच आहे. असा सल्ला निनावी असता कामा नये. डॉक्टर आणि रोगी या दोघांनीही एकमेकांची ओळख पटवून घेतली पाहिजे. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दाखविला पाहिजे. औषध लिहून देण्यापूर्वी रोग्याचे वय विचारले पाहिजे. हम्मुराबीने वैद्याला जबाबदार धरले तेच हे तत्त्व, शिक्षेचा क्रूरपणा तेवढा वजा करून.

यात व्यवहाराच्या दोन गोष्टी जोडतो. आपल्या तपासणीच्या कागदाचे छायाचित्र चारचौघांत टाकण्यापूर्वी त्यावरचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक झाकावा. एकदा बाहेर गेलेली गोष्ट परत बोलावता येत नाही. उद्या नोकरी देणारा किंवा सोयरीक जुळविणारा ती वाचू शकतो. आणि दुखणे मनाचे असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर अनोळखी गर्दीपुढे ते मांडून उत्तराची वाट पाहत बसू नये. सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. कोणत्याही वेळी, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. तेथे ऐकणारी व्यक्ती प्रशिक्षित असते. आपल्या आईला कळणार नाही म्हणून जो प्रश्न आपण बाजारात नेतो, तो येथे नेणे शतपट बरे.

अखेरीस आपल्या महाविद्यालयापुरते बोलू. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. प्रकृतीच्या बाबतीत तिला थोडी दुरुस्ती हवी. ऐकावे जनाचे, पण औषध घ्यावे ते तपासून देणाऱ्याचे. मात्र केवळ असा उपदेश करून मुले-मुली परक्याकडे जायची थांबणार नाहीत; कारण जवळच्यापाशी जायची वाट आपणच बंद केली आहे. पाळी, स्वप्नदोष, गर्भधारणा, उदासी हे शब्द ज्या वर्गात उच्चारले की खसखस पिकते, त्या वर्गातला मुलगा रात्री मोबाईलकडे वळणारच. ग्रंथालयाच्या दाराशी एक कुलूपबंद पेटी ठेवावी. कोणीही नाव न लिहिता आपला प्रश्न तीत टाकावा. महिन्यातून एकदा गावातल्या एखाद्या डॉक्टरबाईंनी किंवा डॉक्टरांनी सभागृहात येऊन, आपल्या नावानिशी, त्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. याला फार खर्च येत नाही. विद्यार्थी मंडळाने आणि प्राध्यापकवर्गाने मनावर घेतले, तर येत्या जूनपासूनच ही पेटी ठेवता येईल.